आधी सायकलीचं लिही

कोल्हापूर,
२ नोव्हेंबर १९९७

आयुष्मान प्रसेनजीत यास,
सप्रेम जयभीम.

आठ वर्षांनी पत्र लिहीत आहे. मधल्या काळात लिहिलं नाही ते कामाच्या व्यापामुळे. तुलाही गॅरेजमधून सवड होत नसणार. जयसिंगपुरात तुझा चांगला जम बसलाय, शिरोळ भागातले ट्रॅक्टरवाले दुसरीकडे जात नाहीत, असं कानावर येतं. समाधान वाटतं.

आता कामाचं. येत्या चौदा तारखेला, बालदिनी, इथल्या एका मंडळाने माझं व्याख्यान ठेवलं आहे. विषय ‘बालगुन्हेगारी : कारणे आणि प्रतिबंध’. आदर्श शिक्षक पुरस्कारानंतर अशी बोलावणी येत असतात. ग्रंथालयातून पुस्तकं आणून टिपणं काढली आहेत. कारणं मुख्यतः चार निघतात : दारिद्र्य, कुसंगत, सिनेमा आणि पालकांचं दुर्लक्ष. परंतु मंडळाच्या अध्यक्षांचं म्हणणं असं की प्रत्यक्ष अनुभवाचं काही आलं तर श्रोते जागे राहतात. तेव्हा साहजिकच तुझी आठवण झाली.

तू लहानपणी अकरा महिने रिमांड होममध्ये होतास. तरी पुढील माहिती उलटटपाली कळवावी. तुझ्या मनात वाईट विचार साधारण कोणत्या वयात येऊ लागले? त्याआधी कोणता सिनेमा पाहिला होतास? घरच्यांनी वेळीच काय केलं असतं तर तू वाचला असतास? शेवटच्या प्रश्नाला पाचसहा ओळी चालतील. तुझं नाव घेणार नाही. ‘माझे एक परिचित’ असं म्हणेन.

आमचं सर्व ठीक. श्रुती आता चौदा वर्षांची, नववीत आहे. तिचं वेळापत्रक मी स्वतः आखून भिंतीवर लावलं आहे. पहाटे पाचला उठणे, पाच दहाला पाठांतर, असं रात्री नऊपर्यंत. दुपारी चार ते सहा संस्कृतचा क्लास. तो तिने जूनपासून एक दिवसही चुकवलेला नाही. टीव्हीवर फक्त बातम्या. प्रतिबंध म्हणजे काय हे कुणाला पाहायचं असेल तर त्याने माझ्या घरी यावं.

सोबत पत्ता घातलेलं कोरं कार्ड पाठवत आहे.

तुझा,
बुद्धभूषण
(एम.ए., बी.एड.)

कोल्हापूर,
९ नोव्हेंबर १९९७

आयुष्मान प्रसेनजीत यास,
सप्रेम जयभीम.

कार्ड मिळालं. एवढं कोरं कार्ड आणि त्यावर तू एक ओळ लिहिलीस, ‘आधी सायकलीचं लिही.’

सायकलीचा विषय माझ्या व्याख्यानाच्या कक्षेत येत नाही.

तुझा राग १९८९ सालच्या सत्काराचा असेल तर त्याबद्दल खुलासा करतो. ‘माझ्याच घरात एक बालगुन्हेगार निपजला, तरीही मी चिखलातून वर आलो,’ हे वाक्य भाषणाच्या ओघात आलं. टिपणात नव्हतं. टाळ्या पडल्यामुळे ते मी पुन्हा म्हटलं, एवढंच. तू तिसऱ्या रांगेत हार घेऊन बसला आहेस हे मला व्यासपीठावरून दिसत होतं, पण वाक्य निघून गेलं होतं. तू हार खुर्चीवर ठेवून निघून गेलास. तो नंतर मंडळाच्या लोकांनी मला घातला, म्हणजे वाया गेला नाही.

असो. इथे एक प्रकरण घडत आहे, ते व्याख्यानाला उपयोगी पडेल असं दिसतं. आमच्या समोर महालिंग अण्णा म्हणून गुळाचे व्यापारी राहतात. दुपारी उशिरा जेवले की ते तीन तास झोपतात आणि त्यांची लुना बाहेर झाडाखाली उभी असते. गेले काही महिने ती कुणीतरी नेतं आणि सहाच्या आत परत आणून लावतं. अण्णांना हे कळलं ते पेट्रोलवरून. मला म्हणाले, “मास्तर, टाकीत पेट्रोल कमी व्हायच्या जागी जास्त व्हाया लागलंय. ह्यो कसला चोर म्हणायचा?” मी त्यांना समजावून सांगितलं की सराईत गुन्हेगार संशय येऊ नये म्हणून असं मुद्दाम करतो. अण्णा तक्रार करायला तयार नव्हते. गाडी जागेवर हाय की, म्हणत होते. शेवटी तक्रारअर्ज मीच लिहून दिला आणि त्यांची सही घेतली. ‘सदर इसम निर्ढावलेला असून त्याजवर दया दाखवू नये,’ असा शेवट केला आहे. चौकीतल्या जमादारांनी अक्षराचं कौतुक केलं.

हे बोलणं आमच्या घरी झालं. श्रुती चहा घेऊन आली तेव्हा तिचा हात हलून चहा बशीत सांडला. तिला नीट कप धरण्याबद्दल दोन शब्द सांगितले आणि क्लासला पिटाळलं.

तुझी उत्तरं बारा तारखेपर्यंत आली तर घेता येतील.

बुद्धभूषण
(एम.ए., बी.एड.)

कोल्हापूर,
१५ नोव्हेंबर १९९७

प्रसेनजीत यास,
जयभीम.

व्याख्यान झालं. उपस्थिती चांगली होती. मध्यंतरी थोडा व्यत्यय आला.

माझं तिसरं कारण संपत आलं असताना एक पोलीस मंचावर चढला आणि त्याने माझ्या हातात चिठ्ठी दिली. मला वाटलं वेळ संपल्याची चिठ्ठी आहे. अध्यक्ष अशा चिठ्ठ्या पाठवत असतात, मी त्या वाचत नाही. खिशात घातली आणि आणखी वीस मिनिटं बोललो. पालकांचं दुर्लक्ष ह्या मुद्द्यावर.

चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘आपली मुलगी चौकीत आहे. लवकर यावे.’

ती मी व्यासपीठावरच वाचली, आभारप्रदर्शन चालू असताना. पुढचं फारसं आठवत नाही. गळ्यातला हार तसाच ठेवून चौकीत गेलो, असं तुझी वहिनी सांगते. ती माझ्याआधी तिथे पोचली होती. तिलाही एक चिठ्ठी गेली होती, ती तिने वाचली.

झालं असं. श्रुती अण्णांची लुना घेऊन गंगावेशीकडून येत होती. दूध कट्ट्याजवळ केरबा म्हणून गवळी आपली म्हैस घेऊन उभा होता. म्हैस पुढे आली का लुना पुढे गेली ह्याबद्दल दोन मतं आहेत. म्हशीला काही झालं नाही. केरबाची दुधाची किटली रस्त्यावर आडवी झाली आणि श्रुतीची कोपरं फुटली. लोकांनी गाडी ओळखली, अण्णांचा अर्ज चौकीत होताच.

फौजदार भले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, “मास्तर, पोरीला बापाचं नाव विचारलं तर सांगेना. म्हणाली, त्यांस्नी बोलवू नका, ते बालगुन्हेगारीवर बोलाया गेल्यात.” मग त्यांनी अर्ज काढला आणि खणखणीत आवाजात वाचला. निर्ढावलेला, दया दाखवू नये, सगळं. वाचून झाल्यावर सहीकडे बघून म्हणाले, “सही अण्णांची हाय. अक्षर कुणाचं म्हणायचं?”

मी म्हटलं, माझं.

अण्णा धावत आले होते. अर्ज मागे घेतो म्हणून हात जोडत होते. फौजदार म्हणाले, नोंद झालेली आहे, आता बाल न्यायालयापुढे उभं करावंच लागेल. चोवीस तारीख दिली आणि तोवर माझ्या ताब्यात दिली. तुला माहीत आहेच, न्यायालय रिमांड होमच्या आवारातच भरतं.

मी तिला विचारलं, का केलंस? म्हणाली, “चालवायची होती.” कुणी शिकवलं? “कुणी न्हाय.” कुठं जायचीस? “कुठं न्हाय.” माझ्या चार कारणांत ह्यातलं एकही बसत नाही. कुसंगत म्हणावी तर ती एकटीच होती.

तुझ्याकडून उत्तर नाही. ठीक आहे.

बुद्धभूषण

ता.क. काका, जयभीम. मी श्रुती. बाबांची पत्रं टपालात मीच टाकतो. आधीची दोन्ही वाचल्यात, हे पण वाचलं. संस्कृतचे सर जूनमध्येच पुण्याला बदलून गेले. मी पहिल्या दिवशी गेलतो, दाराला कुलूप. बाबा रोज विचारायचे, गेलीस का? मी म्हणायचो, गेलतो. क्लास झाला का, असं त्यांनी एकदा पण विचारलं नाही. मग चार ते सहा माझ्याकडंच राहिले. फीचं पेट्रोल टाकलं, ते चुकलं. म्हशीच्या बाबतीत मात्र म्हैसच पुढं आली. काका, सायकल कुणाची होती?

कोल्हापूर,
१९ नोव्हेंबर १९९७

प्रसेनजीत,

आज एक बाई येऊन गेल्या. परिवीक्षा अधिकारी. मुलीच्या घरची चौकशी करून त्या न्यायालयाला अहवाल देतात. मी त्यांना माझी टिपणं दाखवली, त्यांनी ती वाचली नाहीत. वेळापत्रकापुढे मात्र पाच मिनिटं उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “रविवार कुठाय?”

रविवारी उजळणी असते, असं मी दाखवलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. तुझी वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली. हसायला का रडायला, विचारलं नाही.

नंतर त्यांनी मला एक छापील कागद भरायला दिला. उत्पन्न, खोल्या, व्यसन, सगळं भरलं. चौथ्या रकान्यात प्रश्न आहे : ‘कुटुंबातील अन्य कोणी लहानपणी गुन्हा केला होता काय? असल्यास नाते.’ मी म्हटलं, विचारून सांगतो. त्या म्हणाल्या, “स्वतःच्या घरचं कुणाला विचारणार, सर?” कागद तेवीसला परत द्यायचा आहे.

तर तुझा सल्ला हवा आहे. ‘नाही’ लिहिलं आणि जुनं दप्तर निघालं तर मी खोटा ठरतो. ‘चुलते’ असं लिहिलं तर खरं ठरतं, पण पोरीच्या नावापुढे घराण्याचा डाग लागतो. मला वाटतं, ‘चुलते, परंतु संबंध नाहीत’ असं लिहावं. आठ वर्षं संबंध नाहीत हे खरंच आहे. तुझी हरकत नसल्यास तसं कळव.

बुद्धभूषण

कोल्हापूर,
२० नोव्हेंबर १९९७

प्रसेनजीत,

कालचं पत्र वाचू नकोस. श्रुतीच्या हातून परत घ्यायला धावलो, पण तिने पेटीत टाकलं होतं. ह्या वेळी वाचलं नव्हतं म्हणाली. वाचलं असतं तर टाकलं नसतं, असंही म्हणाली.

आज जेवताना तिने सरळ विचारलं, “बाबा, सायकल कुणाची होती?” तुझी वहिनी भाकरी थापायची थांबली. लग्नाला सोळा वर्षं झाली, तिलाही मी कधी सांगितलेलं नाही. मी म्हटलं, जेव. श्रुती म्हणाली, “मला चौकीत पाच जणांनी इचारलं, मी पाची जणांस्नी खरं सांगितलं.”

म्हणून आधी सायकलीचं लिहितो.

सायकल गुंडूची होती. कोपऱ्यावर त्याचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. तो जेवायला गेला की दुकान उघडंच टाकून जायचा. मी तेरा वर्षांचा होतो, तू दहाचा. सायकल मी काढली. भाड्याने घेतली नाही, काढली. तुला कॅरिअरवर बसवलं, तू नको म्हणत होतास. रंकाळ्याच्या उतारावर समजलं की तिला ब्रेक नाही. मी उडी मारली. तुला उडी मार म्हणून सांगायचं सुचलं नाही. तू आणि सायकल मिळून कट्ट्यावर आदळलात, सायकल पाण्यात गेली, तू काठावर राहिलास.

घरी येताना मी तुला म्हटलं, “तू लहान हायस. तुला दटावून सोडत्याल. माझी स्कॉलरशिप हाय.” तू म्हणालास, “व्हय.” एवढंच. आणखी काही विचारलं नाहीस.

पोलीस आला. वस्तीतली दोन पोरं समोर उभी, एकाचे गुडघे फुटलेले. त्याचं काम तेवढ्यात झालं. दुसऱ्या गल्लीतलं पोरगं असतं तर बापाला बोलावून समज देऊन सोडलं असतं. आपल्या वस्तीचं नाव ऐकल्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारायच्या भानगडीत पडत नसे. मी तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर भागलं असतं. मी पाटी पुसत बसलो होतो.

आई दर रविवारी भाकरी बांधून चालत तुला भेटायला यायची. मी एकदाही आलो नाही. अभ्यास आहे, म्हणायचो. स्कॉलरशिप मिळाली, केंद्रात दुसरा आलो. तू सुटून आलास तेव्हा मी विचारलं, तिथं काय शिकलास? तू म्हणालास, “पाना कसा धरायचा.”

त्यानंतर मी ठरवलं की आता आपल्या घरात कुणाची चूक म्हणून व्हायला नको. आपल्यातल्या एकाची चूक दहा जणांच्या नावावर पडते हे मी पाहिलं होतं. म्हणून पोरीला चूक करायला दिवसात जागाच ठेवली नाही. तिने ती चार ते सहामध्ये शोधली.

हे सगळं आत्ता श्रुतीला आणि तिच्या आईला सांगितलं. श्रुतीने आपलं ताट उचलून ठेवलं. मग म्हणाली, “म्हणजे तुमच्यापेक्षा मी बरी. मी गाडी परत आणून लावायचो.”

रकान्यात काय लिहायचं ते आता तुला विचारत नाही.

बुद्धभूषण

कोल्हापूर,
२५ नोव्हेंबर १९९७

प्रसेनजीत,

काल न्यायालय झालं. तिथली पिवळी इमारत मी आयुष्यात पहिल्यांदा आतून पाहिली. तू कुठल्या खोलीत झोपायचास, हे विचारावंसं वाटलं. विचारणार कुणाला?

टेबलामागे न्यायाधीश आणि दोन बाया बसल्या होत्या. आधी अण्णांना विचारलं. अण्णा स्वच्छ धोतर नेसून आले होते. म्हणाले, “गाडी नेली व्हय, साहेब. पण परत लावताना पुसून लावायची. माझी गाडी मी घेतल्यापासनं कधी पुसली न्हाय. मागं चेनचा आवाज यायचा, त्यो बी गेलाय. आता ह्याला चोरी म्हणायचं का सर्व्हिसिंग, तुमीच ठरवा.” केरबालाही बोलावलं होतं. त्याने म्हैस ठीक आहे, दूध देते, आपली काही तक्रार नाही, असं सांगितलं आणि दोन वेळा नमस्कार करून गेला.

मग न्यायाधीशांनी माझा कागद घेतला. चौथ्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘होय. वडील.’

त्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला. विचारलं, हे काय लिहिलंय? मी उभा राहिलो. तीनशे माणसांपुढे माझा आवाज हलत नाही, तिथे पाच जण होते. म्हटलं, साहेब, सायकल चोरली होती. कधी? एकोणतीस वर्षांपूर्वी. शिक्षा झाली होती? झाली, पण माझ्या भावाला झाली. मग सगळं सांगितलं. गुंडूचं दुकान, उतार, तुझे गुडघे, माझी पाटी.

न्यायाधीश म्हणाले, “त्या मुलाचं पुढं काय झालं?”

“जयसिंगपुरात गॅरेज हाय, साहेब. माझ्याशी बोलत न्हाय.”

“बरोबर आहे त्याचं,” ते म्हणाले आणि खाली बघून लिहायला लागले.

श्रुतीला ताकीद देऊन सोडलं. अठरा वर्षांची होऊन लायसन मिळेपर्यंत कुठलीही गाडी रस्त्यावर आणायची नाही. वर्षभर त्या अधिकारी बाई महिन्यातून एकदा घरी येणार. जाताना न्यायाधीशांनी तिला विचारलं, वडिलांबद्दल काही सांगायचंय? ती म्हणाली, “शिकवत्यात चांगलं. ऐकत न्हाईत.” त्यांनी तेही लिहून घेतलं असावं.

घरी आल्यावर तुझ्या वहिनीने भिंतीवरचं वेळापत्रक काढलं. त्या जागी भिंत जरा पांढरी दिसते.

उत्तराची अपेक्षा नाही. तुला समजावं म्हणून लिहिलं.

बुद्धभूषण

कोल्हापूर,
३ मे १९९८

प्रसेनजीत,

तुझं कार्ड मार्चमध्ये आलं, ते श्रुतीच्या नावाने. सुट्टीला ये, इंजिन खोलून दाखवतो, रस्त्यावर गाडी काढायची नाही, गॅरेजमध्ये हात काळे करायचे. माझा उल्लेख नव्हता, आणि मी दोन्ही बाजूंनी तपासून पाहिलं होतं. ती त्या दिवसापासून पिशवी भरून बसली होती. त्या अधिकारी बाईंना विचारलं. त्यांनी लगेच परवानगी दिली, आणि मला म्हणाल्या, तुम्ही सोडायला जा, एकटीला पाठवू नका.

काल जयसिंगपूरच्या स्टँडवर जे झालं त्याबद्दल हे पत्र आहे.

येताना सगळ्या वाटेत मी काय बोलायचं ते ठरवत होतो. हातकणंगल्यापर्यंत चार वाक्यं जमली होती. तू कंट्रोलरच्या खिडकीपाशी उभा होतास. केस पांढरे झालेत. श्रुती धावत गेली आणि तू तिची पिशवी घेतलीस. मग माझ्याकडे बघून म्हणालास, “चहा घेणार?”

मी म्हटलं, “नको, गाडी आहे.”

का म्हटलं ते मला सांगता येत नाही. चारही वाक्यं पाठ होती आणि तोंडातून हे निघालं. तू ‘बरं’ म्हणालास आणि तिला घेऊन समोरच्या टपरीवर गेलास. मी जाऊन कोल्हापूरच्या गाडीत बसलो. गाडी पाऊण तास सुटली नाही. कंडक्टर जेवायला गेला होता. मी खिडकीतून तुम्हा दोघांना बघत होतो. तिने दोन भजी खाल्ली, तू एकही खाल्लं नाहीस. ती हात हलवून कायतरी सांगत होती, बहुतेक म्हशीचं, आणि तू असा हसलास की टपरीवाला पण हसला. तू एकदा गाडीकडं बघितलंस. मी पेपर वर धरला. पेपर उलटा होता हे शेजारच्या बाईनं सांगितलं.

आईच्या मागं तुला कुणाबरोबर असं हसताना मी बघितलं नव्हतं. उतरावं म्हणून दोनदा उठलो. दुसऱ्यांदा उठलो तेव्हा कंडक्टर आला आणि घंटी मारली.

प्रसेन, मला माफ कर, असं लिहायला मला कितीदा कागद फाडायला लागला ते तुझ्या वहिनीला विचार. भाषण करता येतं, हे येत न्हाय.

एकतीस तारखेला श्रुतीला न्यायला येतोय. स्टँडवर परत एकदा चहाचं विचार.

दादा